इंग्रजीत ‘हळूहळू’ सांगताना या चुका टाळा

मे महिन्यात नागपुरात कोणालाही उन्हाबद्दल विचारा, उत्तर ठरलेलं: ‘दिवसेंदिवस उकाडा वाढूनच राहिला आहे.’ हेच इंग्रजीत सांगायची वेळ आली, मग ती मिहानमधल्या एखाद्या कंपनीची मुलाखत असो की आयइएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा पेपर, की पुष्कळांच्या तोंडून असं निघतं: ‘इट इज स्लोली स्लोली बिकमिंग मोर हॉट.’ समोरच्याला अर्थ कळतो, पण वाक्य कानाला खटकतं. नेहमीच्या बोलण्यातलं इंग्रजी एवढंच म्हणेल: ‘इट्स गेटिंग हॉटर अँड हॉटर.’

या दोन वाक्यांत जो फरक आहे, त्यातूनच बहुतेक चुका होतात. मराठीत आपण ‘हळू’ची द्विरुक्ती करतो: हळूहळू. इंग्रजीत द्विरुक्ती होते ती विशेषणाच्या तुलनादर्शक रूपाची: ‘हॉटर अँड हॉटर’, ‘वर्स अँड वर्स’. बदल चालू आहे हे सांगण्याचं काम ‘इज गेटिंग’ करतं. ‘ग्रॅज्युअली’सारखं क्रियाविशेषण त्यानंतर, तेही गरज असेल तरच येतं. म्हणून वाक्य अडलं की आधी क्रियापद तपासा, ‘हळूहळू’ला प्रतिशब्द शोधत बसू नका.

तुलनादर्शक रूप चुकतं ते इथे

हॉट, कोल्ड, लेट असे छोटे शब्द असतील तर शेवटी ‘अर’ लावून दोनदा म्हणायचं. ‘बिझी’सारखे ‘ई’ उच्चाराने संपणारे शब्दही ‘बिझिअर अँड बिझिअर’ असेच चालतात. क्राउडेड, एक्स्पेन्सिव्ह, डिफिकल्ट यांना ‘अर’ लागत नाही. तिथे फक्त ‘मोर’ दोनदा येतं आणि विशेषण एकदाच: ‘मोर अँड मोर क्राउडेड’. ‘मोर क्राउडेड अँड मोर क्राउडेड’ नको. ‘मोर हॉटर’ तर कधीच नको, कारण ‘अर’ लागला की ‘मोर’चं काम संपलेलं असतं.

आणखी एक चूक सर्रास होते: ‘इट इज गेटिंग हॉटर अँड हॉटर दॅन लास्ट वीक.’ जोडरूप वापरलं की ‘दॅन’ येत नाही. तुलना करायची असेल तर एकच ‘हॉटर’ ठेवा: ‘इट्स हॉटर दॅन लास्ट वीक.’ घट सांगताना पाण्यासाठी ‘लेस अँड लेस वॉटर’ म्हणायचं, पण मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी ‘फ्युअर अँड फ्युअर बसेस’.

काळ

आपल्याकडची सगळ्यांत पक्की बसलेली चूक ही: ‘सिन्स लास्ट फाइव्ह इयर्स, ट्रॅफिक इज इन्क्रीजिंग.’ ‘सिन्स’ला सुरुवातीचा बिंदू लागतो, कालावधी नाही. पाच वर्षं हा कालावधी, म्हणून ‘फॉर’ किंवा ‘ओव्हर’. आणि बदल तेव्हापासून आजवर चालत आला असेल तर क्रियापद ‘हॅज बीन’ने सुरू होतं: ‘ओव्हर द लास्ट फाइव्ह इयर्स, द ट्रॅफिक हॅज बीन गेटिंग वर्स.’

सुरुवातीचा बिंदू ठाऊक असेल तिथे ‘सिन्स’ चपखल बसतं. नागपूरची मेट्रो मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी मार्गावर सुरू झाली, तेव्हा ‘सिन्स २०१९, मोर अँड मोर पीपल हॅव बीन टेकिंग द मेट्रो’ हे वाक्य बरोबर. शेवटी ‘पीपल’ अनेकवचनी असल्यामुळे ‘हॅव’, हेही ध्यानात असू द्या.

‘डे बाय डे’ आणि त्याची भावंडं

दिसायला सारखे, अर्थाने वेगळे असे तीन प्रयोग आहेत. ‘डे बाय डे’ म्हणजे रोज थोडं थोडं पुढे सरकणं: ‘शी इज गेटिंग बेटर डे बाय डे.’ ‘डे आफ्टर डे’ म्हणजे रोज तेच ते, बहुधा कंटाळ्याच्या सुरात: व्हरायटी चौकात रोज त्याच रांगेत उभं राहणं. ‘फ्रॉम डे टू डे’ म्हणजे आज एक, उद्या दुसरं. कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे भाव रोज वरखाली होतात, त्याला हा तिसरा प्रयोग हवा. भाव सतत चढतच असतील तरच ‘डे बाय डे’ म्हणा. ‘एव्हरी डे बाय डे’ असं काही इंग्रजीत नाही.

‘ओव्हर टाइम’ लिहिताना मधली जागा सोडायला विसरू नका. जोडून लिहिलं की ते जादा तासांचं काम होतं. ‘बाय टाइम’ चुकीचं. ‘विथ टाइम’ किंवा ‘ओव्हर टाइम’ म्हणा.

‘जसजसं – तसतसं’

मराठीत या जोडीशिवाय वाक्य अपुरं वाटतं, म्हणून इंग्रजीतही दोन्ही बाजूंना काहीतरी लावलं जातं: ‘ॲज टाइम पासेस, सो द पेन रिड्यूसेस.’ हा ‘सो’ काढून टाका. ‘ॲज’ एकटाच दोन्ही बाजू सांभाळतो: ‘ॲज टाइम पासेस, द पेन गेट्स लेस.’

दोन्ही बाजू ठळक करायच्या असतील तर दुसरी रचना आहे: ‘द मोर इट रेन्स, द हायर द वॉटर राइजेस इन अंबाझरी.’ इथे दोन्हीकडे ‘द’ आणि दोन्हीकडे तुलनादर्शक रूप हवं. या दोन रचनांची सरमिसळ केली की ‘ॲज मोर इट रेन्स’ असं अडखळणारं वाक्य तयार होतं. एक निवडा आणि शेवटपर्यंत तीच धरा.

सगळीकडे ‘बिकम’

‘बिकम’ चूक नाही, पण रोजच्या बोलण्यात ते जड वाटतं. तिथे ‘गेट’ वापरतात. काही बदलांना तर आपापली क्रियापदं आहेत. रंग बदलला की ‘टर्न’. थंडी पडू लागली आणि बागेतली संत्री रंग धरू लागली, तर ‘द ऑरेंजेस आर टर्निंग येलो’. बिघाड झाला की ‘गो’: उन्हाळ्यात बाहेर राहिलेलं दूध ‘हॅज गॉन बॅड’. ‘बिकम’पुढे ‘टू’ लावून ‘आय बिकेम टू लाइक इट’ म्हणणं चुकीचं आहे. आवड हळूहळू निर्माण झाली असेल तर ‘आय केम टू लाइक इट’ किंवा ‘आय ग्रू टू लाइक इट’.

‘स्लोली’ वेगाबद्दल आहे, ‘ग्रॅज्युअली’ टप्प्याटप्प्याने होणाऱ्या बदलाबद्दल. बस ‘स्लोली’ चालते, ‘ग्रॅज्युअली’ नाही. आणि ‘इव्हेंच्युअली’ म्हणजे हळूहळू नव्हे, तर बराच काळ गेल्यावर शेवटी.

आलेख लिहिताना

आयइएल्ट्सच्या ॲकॅडेमिक परीक्षेत पहिल्या लेखनप्रश्नासाठी साधारण २० मिनिटं धरायची असतात आणि किमान १५० शब्द लागतात. आलेख आला की हमखास ‘अ ग्रॅज्युअली इन्क्रीज’ लिहिलं जातं. नामाआधी ‘ग्रॅज्युअल’ आणि क्रियापदाला ‘ग्रॅज्युअली’: ‘अ ग्रॅज्युअल इन्क्रीज इन टेम्परेचर’, किंवा ‘द टेम्परेचर रोज ग्रॅज्युअली’. तापमान ४२ वरून ४५ अंशांवर गेलं, तर ते ‘बाय थ्री डिग्रीज’ वाढलं आणि ‘टू फॉर्टी-फाइव्ह’ पोहोचलं. ‘बाय’ म्हणजे किती वाढलं, ‘टू’ म्हणजे कुठवर गेलं. ही अदलाबदल झाली की आकडाच चुकतो.

‘यूज्ड टू’

‘आय यूज्ड टू लिव्ह इन धरमपेठ’: पूर्वी राहत होतो, आता नाही. ‘आय ॲम यूज्ड टू द हीट’: उन्हाची सवय आहे. ‘आय ॲम गेटिंग यूज्ड टू द हीट’: सवय होत चालली आहे, आणि हळूहळू बदल सांगणारं रूप हेच. पुण्याहून नागपुरात आलेल्या माणसाने पहिल्या उन्हाळ्यात हे तिसरं वाक्य वापरायचं, पाचव्या उन्हाळ्यात दुसरं. सवयीच्या या दोन्ही रूपांत पुढे नाम तरी येतं, नाहीतर ‘इंग’ लागलेलं क्रियापद: ‘गेटिंग यूज्ड टू लिव्हिंग हिअर’. तिथे ‘लिव्ह’ आलं की वाक्य चुकलं.