जुन्या गाडीला मोठा अल्टरनेटर: आधी वायर, मग मशीन

रात्री पावसात एसी, वायपर आणि हेडलाइट एकदम चालू असले की सिग्नलला थांबल्यावर समोरच्या गाडीच्या काचेत माझ्या हेडलाइटचा उजेड पिवळा पडलेला दिसायचा. गाडी हलली की परत पांढरा. गाडी नवी होती तेव्हा तिला एसी नव्हता आणि रेडिएटरला विजेवर चालणारा पंखाही नव्हता. दोन्ही मागाहून बसवले. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून गाडीची वीज तयार करणारं मशीन, मात्र तोच जुना, ४५ अँपिअरचा.

तुमच्याही गाडीत असंच होत असेल, तर पाना हातात घेण्याआधी डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर घ्या. इंजिन बंद, चावी ऑन, मीटर बॅटरीच्या निगेटिव्ह केबलभोवती. मग एकेक वस्तू चालू करून आकडा लिहा. (पॉइंटवाली इग्निशन असेल तर चावी फार वेळ ऑन ठेवू नका, कॉइल तापते.) माझ्याकडे निघालेले आकडे असे: इग्निशन ४, हेडलाइट ९, मागचे आणि डॅशबोर्डचे दिवे ३, ब्लोअर १२, एसीचा क्लच ४, रेडिएटरचा पंखा १२, वायपर ५, म्युझिक ३. बेरीज ५२. म्हणजे ४५ च्या मशीनकडून ५२ मागत होतो, तेही आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन हळू फिरत असताना. अल्टरनेटरवर छापलेला आकडा तो जोरात फिरत असतानाचा असतो. आयडलिंगला बऱ्याचदा त्याच्या निम्मंच मिळतं. कमी पडलेला करंट बॅटरीतून जातो, ती उतरत राहते आणि एक दिवस सेल्फ मारल्यावर नुसता टक असा आवाज येतो.

म्हणून नवा अल्टरनेटर घेताना आयडलिंगला किती देतो हे आधी विचारा. एकूण लोडपेक्षा पंचवीस-तीस टक्के जास्त पुरे. मी ८० चा घेतला. सरळ १५० चा बसवण्याचा मोह मला चुकीचा वाटतो, कारण ती ताकद शेवटी पट्ट्यातूनच यायची असते. ८० अँपिअर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे ११२० वॅट. मशीनमधली घट धरली तर इंजिनावरून जवळपास २ किलोवॅट खेचले जातात. एका व्ही-बेल्टवर त्याहून फार जास्त टाकलं की पट्टा घसरतो, किंचाळतो आणि जळतो.

माउंटिंगचे कान, दोन बोल्टांतलं अंतर, पुलीचा घाट हे जुन्याशेजारी नवा ठेवून जुळवा. डिझेल गाडीत अल्टरनेटरच्या मागे ब्रेकचा व्हॅक्युम पंप असू शकतो. असला तर नव्यालाही तो हवाच, ब्रेकशी तडजोड नाही. आणि फार जुनी गाडी असेल तर बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला नाही ना, हे बघा. तशा गाडीत आजचा अल्टरनेटर जोडला की त्याच्या आतले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) त्याच क्षणी जातात.

आता वायर. इथेच मी चुकलो होतो. पहिल्यांदा फक्त मशीन बदललं आणि जुनी ६ स्क्वेअर एमएमची वायर तशीच ठेवली. अर्ध्या तासाने गरम प्लास्टिकचा वास आला. बोनेट उघडलं तर बी-प्लसच्या (अल्टरनेटरमधून वीज बाहेर येते तो बोल्ट) थिंबलपाशी, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीपाशी, इन्सुलेशन तपकिरी झालं होतं, आणि बोट लावलं तर मेणासारखं दबलं. हिशेब साधा आहे: २ मीटर लांबीच्या तेवढ्या तांब्याच्या वायरमधून ८० अँपिअर गेले तर जवळजवळ अर्धा व्होल्ट वायरमध्येच उष्णता होऊन जातो. २५ स्क्वेअर एमएममध्ये तीच घट ०.११ व्होल्टवर येते.

तेव्हा २५ ची मऊ, बहुतारी केबल बी-प्लसवरून थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला न्या. थिंबल हातोडीने चेपू नका, क्रिंपिंग टूलनेच दाबा. १०० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या टोकाला हवा, कारण केबल घासून बॉडीला लागली तर आग लागेल इतका करंट बॅटरीतून येतो. जुनी वायर अल्टरनेटरवरून काढून टोक नीट इन्सुलेट करा. त्यात बॅटरीचा करंट अजून असतो. डॅशबोर्डवर जुना अमीटर (करंट दाखवणारा काटा) असेल तर त्याच्या मागची दोन्ही थिंबलं एकाच बोल्टवर घट्ट करून इन्सुलेट करा आणि व्होल्टमीटर बसवा. हेडलाइट आणि पंखा रिलेवरून (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) थेट बॅटरीवर घेतले तर डॅशबोर्डच्या वायरिंगवरचा भार उतरतो.

परतीचा रस्ताही तेवढाच जाड हवा. इंजिनापासून बॉडीला आणि बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हला अर्थिंगच्या नव्या वायरी टाका, आणि बोल्टखालचा रंग चमकतं लोखंड दिसेपर्यंत खरवडा.

जुना कटआऊट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारी डबी) बाहेर असेल आणि नव्या मशीनमध्ये तेच काम करणारा रेग्युलेटर आतच असेल, तर कटआऊट काढून टाका. डॅशबोर्डच्या चार्जिंग दिव्याची वायर मात्र नव्याच्या एल किंवा डी-प्लस लिहिलेल्या टर्मिनलला जोडाच. सुरुवातीला फील्डला (अल्टरनेटरमध्ये चुंबकत्व तयार करणारी कॉइल) करंट त्या छोट्या बल्बमधूनच मिळतो. तिथे नुसता एलईडी लावला तर रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरूच होत नाही, असं होऊ शकतं.

बसवताना बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा. पुल्या एका रेषेत आहेत का, हे त्यांच्या तोंडावर सरळ पट्टी धरून बघा. पट्टा ताणताना टॉमी (लोखंडी दांडा) अल्टरनेटरच्या पुढच्या जाड भागाला लावा. मागच्या अॅल्युमिनियमवर जोर दिला तर तडा जातो. पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण १० मिमी दबावा. आणि बॅटरी उतरलेली असेल तर आधी चार्जरवर भरून घ्या, नव्या मशीनला पहिल्याच दिवशी तापवू नका.

मग मोजा. रेस थोडी वाढवून बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. सगळा लोड चालू करून मीटरचं एक टोक बी-प्लसवर आणि दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्हवर धरा: ०.२ पेक्षा कमी यायला हवं. तसंच अल्टरनेटरच्या अंगापासून निगेटिव्हपर्यंत. जास्त आलं तर जोड सैल आहे, तो शोधा. चार्जिंग तपासायला चालू इंजिनावर बॅटरीची केबल काढायची जुनी सवय मात्र सोडा; व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर उडतात.

माझ्या गाडीत आता सगळं चालू ठेवून आयडलिंगला १३.६ दिसतात. नवा पट्टा पहिल्या तासाभरात ढिला पडतो, तेव्हा इंजिन थंड झालं की तो परत ताणून घ्या, आणि आठवड्याने पुन्हा एकदा बघा.