अ‍ॅक्टिव्ह स्पीकरच्या फॅनची घरघर शेवटी गेली

आमच्याकडे भजनाला 12 इंची अ‍ॅक्टिव्ह स्पीकर आहे (आतच अ‍ॅम्प आणि तो थंड ठेवणारा फॅन असलेला), चालू केला की मागून घर्रर्र सुरू, व्हॉल्यूम शून्यावर नेला, केबल काढली तरी तेच. स्विच बंद केला की आवाज दोनतीन सेकंदांत हळूहळू विझायचा, म्हणजे हम (विजेची गुणगुण) नाही, फॅनच.

ब्लोअरने धूळ उडवली, शिलाई मशीनचं तेल घातलं, आठवडाभर बरं मग परत तेच. वायरीत रेझिस्टर टाकून स्पीड कमी केला तर अ‍ॅम्प तापून ऐन हरिपाठात प्रोटेक्टमध्ये गेला, म्हणजे जळू नये म्हणून आपोआप बंद पडला, हे करूच नका. खूप वैतागलो होतो.

शेवटी फॅन बदलला. आधी प्लग काढून अर्धा तास थांबलो, आत मोठे कपॅसिटर असतात, त्यात चार्ज राहतो. मग मागची प्लेट काढून फॅनवरचं लेबल वाचलं: 60 मिमी, 24 व्होल्ट. मी आधी अंदाजाने 12 व्होल्टचा आणून ठेवला होता, तो लावला असता तर जळलाच असता. 24 व्होल्टचा, बॉल बेअरिंगवाला, तेवढीच हवा फेकणारा आणला. फ्रेमवर हवेच्या दिशेचा बारीक बाण असतो, तो जुन्यासारखाच ठेवला. स्क्रूखाली रबराचे वॉशर टाकले, कारण निम्मी घरघर पत्रा थरथरल्याने यायची. जाळी ब्रशने साफ केली, मग प्लेट बसवून स्पीकर चालू केला आणि जाळीसमोर हात धरून हवा येतेय ना बघितलं.

आता अभंगाच्या मधल्या शांततेत फक्त तंबोरा ऐकू येतो.