अमेरिकेत पहिलं मोटेल घेताय? आधी नफ्याचा आकडा सोलून बघा

मोटेल म्हटलं की पटेल, हे अमेरिकेत उगाच नाही झालेलं. १९४० च्या दशकात कांजीभाई देसाई हे गुजराती गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोत हॉटेल चालवायला लागले, १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आणखी गुजराती लोक आले, आणि नातेवाइकांकडून उसने पैसे घेऊन, मोटेलमध्येच राहून, फ्रंट डेस्क नि हाउसकीपिंग घरातल्या घरात वाटून घेऊन त्यांनी धंदा उभा केला.

आता तुम्ही असंच चालवलेलं मोटेल घेत असाल तर गोम इथेच आहे. विकणारा जो नफा दाखवतो त्यात बायकोचा, भावाचा पगार बरेचदा धरलेलाच नसतो. तुम्ही माणसं ठेवणार असाल तर ते पगार वजा करा आणि मग बघा किती उरतंय, कधीकधी काहीच उरत नाही!

कमाईचंही तसंच. "कॅश वेगळी असते हो" असं हळूच सांगणारे भेटतील, त्या कॅशचा एक डॉलर पण किमतीत धरू नका. रूम टॅक्सचे महिन्यामहिन्याचे रिटर्न मागा, इन्कम टॅक्सच्या कागदांशी जुळवा. समजा विकणारा सांगतो, ४० खोल्या, सरासरी ६० टक्के भरतात, रात्रीचं भाडं ६५ डॉलर, तर वर्षाचे झाले ५,६९,४०० डॉलर. रिटर्नमध्ये याहून खूप कमी दिसलं तर रिटर्नवरच विश्वास ठेवायचा. आणि टॅक्स क्लिअरन्स, म्हणजे टॅक्स थकलेला नाही असा सरकारी दाखला, घेतल्याशिवाय क्लोजिंग (शेवटचा व्यवहार) नको, बऱ्याच राज्यांत जुन्या मालकाची थकबाकी नव्याच्या गळ्यात पडू शकते.

ब्रँडचं मोटेल असेल तर फ्रँचायझी आपोआप तुमच्या नावावर होत नाही, अर्ज करावा लागतो, आणि कंपनी पीआयपी म्हणजे दुरुस्ती-बदलांची यादी हातात देते, गाद्यांपासून साइनबोर्डपर्यंत. ती यादी किंमत ठरवायच्या आधी मिळवा, नंतर मिळाली तर खर्च तुमचाच.

लोनसाठी एसबीएचं, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या अमेरिकी सरकारी संस्थेचं, ७(ए) लोन बघा, कमाल ५० लाख डॉलर, पण तुमच्या इमिग्रेशन स्टेटसवर चालेल का ते बँकेला पहिल्याच भेटीत विचारा. ई-२ या गुंतवणूकदारांच्या व्हिसावर धंदा घेऊ असं डोक्यात असेल तर तो भारतीय पासपोर्टवर मिळत नाही. १९८९ साली सुरू झालेल्या 'आहोआ' या हॉटेलमालकांच्या संघटनेत ओळखी काढा, मोटेलची लोन नेहमी करणारा बँकर तिथे लवकर सापडेल.

आणि सही करायच्या आधी तिथे गिऱ्हाईक म्हणून खोली घेऊन राहा, शुक्रवारी पण आणि मंगळवारी पण, रात्री पार्किंगमधल्या गाड्या मोजा.