जिप्समच्या भिंतीवर पडद्याचा रॉड: न्यू जर्सीत नव्याने घर मांडणाऱ्यांसाठी

न्यू जर्सीत नव्याने आलेले कुटुंब पहिल्या महिन्यातच पडदे लावण्याच्या कामाला हात घालते. अपार्टमेंटच्या खिडक्यांना ब्लाइंड्स असतात, पण जूनमध्ये पहाटे साडेपाचलाच त्यांच्या फटींतून उजेड आत येतो आणि प्रवासाने आधीच बिघडलेली मुलांची झोप पुन्हा मोडते. त्यामुळे जाड पडदे आणि रॉड लगोलग विकत आणले जातात. आमच्याही घरी तसेच झाले होते. रॉडच्या पाकिटातल्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या ठोकून मी ब्रॅकेट बसवले, तिसऱ्या दिवशी सकाळी पत्नीने पडदा ओढला आणि रॉड, ब्रॅकेट व मूठभर पांढरा भुगा एकदमच खाली आला.

आपल्याकडे विटांच्या भिंतीत भोक पाडून गिट्टी ठोकली की ती चहूबाजूंनी आवळली जाते आणि मग तिच्यावर घड्याळ टांगा नाहीतर कपाट, फारसा विचार करावा लागत नाही. येथील ड्रायवॉल म्हणजे आपण फॉल्स सीलिंगमध्ये पाहिलेला जिप्सम बोर्ड होय. कागदाच्या दोन थरांमध्ये दाबलेले जिप्सम, जाडी बहुधा अर्धा इंच, आणि त्यामागे पोकळी. अशा बोर्डाला गिट्टी धरून ठेवण्याची ताकद फार थोडी असते. शिवाय पडद्याच्या ब्रॅकेटचा हात भिंतीपासून तीन-चार इंच पुढे आलेला असल्याने पडद्याचे वजन वरचा स्क्रू बाहेर उपसू पाहते, आणि रोज सकाळ-संध्याकाळ पडदा सरकवताना बसणारा हिसका तेच काम थोडे थोडे पुढे नेतो. गिट्टीच्या पाकिटावर छापलेला पौंडांचा आकडा पुष्कळदा ती तुटण्याच्या किंवा उपसून येण्याच्या क्षणाचा असतो; प्रत्यक्ष वापरासाठी त्याचा चौथा हिस्साच खरा मानावा.

म्हणून आधी बोर्डामागचे लाकूड शोधावे. येथील बहुतेक घरांचा सांगाडा लाकडी असतो आणि त्यातल्या उभ्या दांड्यांना स्टड म्हणतात. त्यांना टू बाय फोर असे नाव असले तरी प्रत्यक्ष माप दीड इंच बाय साडेतीन इंच असते, हे ऐकून आपल्याकडचा सुतार नक्कीच भुवया उंचावेल. एका स्टडच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर साधारणपणे १६ इंच, क्वचित २४ इंच असते. स्टड शोधण्याची विजेरी उपकरणे दुकानांत मिळतात, पण माझा भरवसा लहानशा जोरदार लोहचुंबकावर आहे. बोर्ड ज्या स्क्रूंनी स्टडला जोडलेला असतो, त्यांच्या डोक्यांवर तो चिकटतो. चुंबक सावकाश फिरवून एकाखाली एक असे दोन-तीन स्क्रू सापडले की स्टडची रेषा कळते. तरीही ब्रॅकेटखाली झाकले जाईल अशा जागी बारीक खिळा ठोकून लाकूड लागते का, हे पाहावे.

खिडकीपाशी बांधकामच आपल्या मदतीला येते. खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहसा दोन स्टड एकमेकांना जोडलेले असतात आणि डोक्यावर हेडर नावाची आडवी तुळई असते. जोडस्टडची मिळून रुंदी तीन इंच असली, तरी तिचा काही भाग चौकटीच्या पट्टीखाली जातो. म्हणून पट्टीच्या बाहेर साधारण एक ते दीड इंचापर्यंतच लाकडाची खात्री धरता येते, आणि पट्टी रुंद असेल तर त्याहूनही कमी. रॉड खिडकीपेक्षा दोन्हीकडे सहा-सहा इंच रुंद असावा, म्हणजे खिडकी मोठी दिसते, असा सजावटीचा सल्ला सर्वत्र दिला जातो. ब्रॅकेट पोकळ जागी नेऊन ठेवणारा सल्ला तोच आहे. ब्रॅकेट लाकडावर ठेवून रॉडचे टोक पुढे निघू द्यावे.

भोक पाडण्यापूर्वी पडद्याची लांबी पाहावी. तयार पडदे ६३, ८४, ९५ आणि १०८ इंच अशा ठरावीक लांबीत मिळतात. रॉड जमिनीपासून ८७ इंचांवर लावून ८४ इंची पडदा टांगला, तर तो तीन इंच अधांतरी राहतो आणि मग सगळे पुन्हा काढावे लागते. दोन्ही ब्रॅकेटच्या खुणा पाणसळीने जुळवाव्यात, आणि रॉड चार-पाच फुटांहून लांब असेल तर मधला आधार टाळू नये.

लाकडासाठी लाकडाचेच स्क्रू घ्यावेत. ड्रायवॉलचे काळे स्क्रू ठिसूळ असतात. दीड ते पावणेदोन इंच लांबी पुरते. त्याहून लांब स्क्रू घालू नये, कारण विजेच्या तारा स्टडच्या कडेपासून सव्वा इंच आत नेल्या असतील तर त्यांवर स्क्रू अडवणारी पोलादी पट्टी बसवण्याची सक्ती नसते. स्विच किंवा सॉकेटच्या सरळ वर-खाली तर विशेष सावध असावे.

लाकूड सापडलेच नाही तर टॉगल बोल्ट वापरावा. त्याचा मागचा तुकडा बोर्डामागे आडवा होतो आणि भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो. त्यासाठी बरेचदा अर्ध्या इंचाचे भोक पाडावे लागते, ही त्याची किंमत आहे. स्क्रूसारख्या फिरवून बसवायच्या धातूच्या गिट्ट्या हलक्या पडद्यांना चालतात. पाकिटातल्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या मात्र मी सरळ टाकून देतो. जड पडदे आणि घरात पडद्याला लोंबकळणारे मूल असेल, तर मला सर्वांत खात्रीचा वाटणारा उपाय वेगळा आहे: तीन-चार इंच रुंदीची लाकडी फळी भिंतीच्या रंगात रंगवून खिडकीच्या वर आडवी लावावी, ती सापडतील तेवढ्या स्टडमध्ये आणि हेडरमध्ये स्क्रूने पक्की करावी आणि मग ब्रॅकेट फळीवर हवे तेथे बसवावेत.

हे सगळे साध्या लाकडी घरांविषयी झाले. जर्सी सिटीच्या उंच इमारतींत स्टड पातळ पत्र्याचे असू शकतात. तेथे चुंबक रेषाभर चिकटत जातो आणि लाकडाचा स्क्रू नीट धरत नाही, म्हणून टॉगलच घ्यावा. फार जुन्या घरांत लाकडी कांबींवर गिलावा केलेला आढळतो, आणि घर १९७८ पूर्वीचे असेल तर रंगात शिसे असण्याची शक्यता धरून चौकशीविना भोके पाडू नयेत.

भाड्याच्या घरात व्यवस्थापनाची परवानगी ईमेलवर घ्यावी, कारण येथे अनामत रक्कम कायद्याने जास्तीत जास्त दीड महिन्याच्या भाड्याएवढी असू शकते आणि टॉगलची भोके तिच्यातून वजा होऊ शकतात. परवानगी नसेल तर खिडकीच्या खाचेत दोन्ही भिंतींना ताणून बसणारा स्प्रिंगचा रॉड हलक्या पडद्यांपुरता पुरतो. घर सोडताना स्क्रूची बारीक भोके स्पॅकलने, म्हणजे भिंतीच्या पुट्टीने, भरून, वाळल्यावर पॉलिशपेपरने घासून रंगाचा हात द्यावा. टॉगलच्या मोठ्या भोकावर आधी जाळीची पट्टी चिकटवावी. बोल्ट काढला की टॉगलचा मागचा तुकडा भिंतीच्या आत पडतो आणि तेथेच राहतो. तो बाहेर काढण्याच्या नादी लागून भोक मोठे करू नये.