गल्लीतल्या रस्त्याचा हिशेब महापालिकेकडून कसा मागावा

‘सगळेच खातात’ असं म्हटलं की कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही. म्हणून महापालिकेचा सगळा कारभार एकदम हातात घेऊ नका. घराजवळचं एकच काम निवडा: रस्ता, गटार किंवा पदपथ. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. त्यातला तुमच्या डोळ्यांसमोर खर्च होणारा पैसा तुम्हीच सर्वांत नीट तपासू शकता.

आधी काम सुरू असतानाच फोटो काढा, तारखेसकट. कामाच्या जागी फलक असेल तर त्यावरचं ठेकेदाराचं नाव, रक्कम आणि मुदत टिपून घ्या. खोदाई किती खोल झाली, खाली खडी किती पडली, हे रस्ता झाकला गेल्यावर दिसत नाही. लांबी-रुंदी नंतरही टेपने मोजता येते, जाडीचं तसं नाही.

मग वॉर्ड ऑफिसच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज द्या. रस्ते विभागाचं काम असेल तर त्या विभागाकडे द्या. महाराष्ट्रात अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात. अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत हवा, म्हणून तक्रारीचा पाढा वाचू नका. ‘काम निकृष्ट का झालं?’ असंही विचारू नका. त्याचं उत्तर द्यायला कायदा त्यांना बांधत नाही. कागद मागा: निविदा, कार्यादेश, अंदाजपत्रक, दिलेली बिलं, दोष दायित्व कालावधी (काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) आणि मोजमाप पुस्तिका.

मोजमाप पुस्तिका, म्हणजे ऑफिसात जिला सगळे एमबी म्हणतात, ती सर्वांत महत्त्वाची. ठेकेदाराचं बिल तिच्यातल्या नोंदींवरून निघतं. कागदावर रस्ता जेवढा लांब, तेवढे पैसे. तुमची टेप आणि एमबी जुळत नसेल, तर संशयाला कागदाचा आधार मिळतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) नुसार तुम्ही कामाची पाहणी करू शकता, वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुनेही मागू शकता. हा हक्क फार कमी लोक वापरतात, याचं मला वाईट वाटतं.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. तिथेही काही झालं नाही, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. तिथे वाट बघावी लागते, पण कारण नसताना माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड होऊ शकतो.

हे एकट्याने करू नका. तळेगाव दाभाडेचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी जमीन घोटाळे उघड करत होते. जानेवारी २०१० मध्ये त्यांचा खून झाला. सोसायटीतल्या चार-पाच जणांनी वेगवेगळे अर्ज करावेत, कागदांच्या प्रती सगळ्यांकडे असाव्यात.

कागद हातात आले की नगरसेवकाला लेखी प्रश्न द्या आणि पोच घ्या. मुंबईत मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. कॅगने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, महापालिकेच्या सुमारे १२ हजार कोटींच्या खर्चाची तपासणी केली, तेव्हा निविदा न काढता दिलेली २१४ कोटींची कामं सापडली. तो अहवाल मार्च २०२३ मध्ये विधानसभेत मांडला गेला, पण त्यावर महापालिकेच्या सभागृहात जाब विचारायला निवडून आलेलं कुणी नव्हतं. आता आहेत, तेव्हा विचारायला लावा. दोष दायित्व कालावधी संपायच्या आत खड्डे पडले असतील, तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करावी, एवढी एकच मागणी पत्रात ठेवा. कुणी लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. गैरव्यवहाराचे कागद भक्कम असतील तर लोकायुक्तांकडे जा.

उरतं मतदान. उमेदवाराने अर्जासोबत दिलेलं मालमत्ता आणि गुन्ह्यांचं शपथपत्र बघा. तो आधीही लढला असेल, तर जुनं आणि नवं शेजारी ठेवून वाचा. मालमत्ता वाढली म्हणजे पैसे खाल्ले असं सिद्ध होत नाही, पण ती कशी वाढली हे प्रचाराला दारात आलेल्या माणसाला विचारता येतं. त्याच वेळी त्याने उत्तर न दिलेल्या तुमच्या पत्रांच्या पोचपावत्याही त्याच्यासमोर ठेवा.