पिरॅमिडवाला स्लॉट गेम फुकटच्या नाण्यांवर खेळून आतून कसा समजून घ्यायचा

गेल्या गणपतीत भाचा कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरी मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसला. पडद्यावर पिरॅमिड, सोनेरी खांब आणि मध्ये गरगर फिरणाऱ्या पाच उभ्या पट्ट्या. "मामा, ह्याचं गणित काय असतंय?" मला प्रश्न आवडला. त्या संध्याकाळी आम्ही दोघं वही-पेन घेऊन बसलो. तुम्हालाही हा खेळ समजून घ्यायचा असेल तर तसंच बसा. तासाभरात होतं.

आधी पैशाचं बघू. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे, खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा. त्यामुळे आपल्याला हवा तो फक्त डेमो, म्हणजे खेळायला फुकटची नाणी मिळतात आणि खऱ्या पैशाचा संबंधच येत नाही असा. डेमोच्या नावाखाली मोबाईल नंबर, बँक खातं किंवा यूपीआय मागितलं तर तिथेच बंद करा. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाईल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाईल, तर अजिबात टाकून घेऊ नका.

गेम उघडला की लगेच फिरवायचं बटण दाबू नका. कोपऱ्यात तीन रेघांचं किंवा 'आय' अक्षराचं चिन्ह असतं, ते दाबा. आत पेटेबल असतं, म्हणजे कुठलं चिन्ह किती वेळा आलं की किती नाणी मिळतात त्याचा तक्ता. बहुतेक लोक हे पान उघडतच नाहीत, आणि खरा खेळ तर तिथेच लिहिलेला असतो. सावकाश वाचा. १०, जे, क्यू, के, ए ही पत्त्यांची चिन्हं स्वस्तातली. देवदेवता आणि खजिना महागातला. वाइल्ड म्हणजे आपल्या रमीतला जोकर, दुसऱ्या चिन्हाच्या जागी चालतो. स्कॅटर कुठेही पडला तरी मोजला जातो. साधारण तीन आले की फुकटच्या फेऱ्या मिळतात.

चित्रांपाशी थोडं थांबायला हरकत नाही. ह्या खेळांत हमखास दिसणारा निळा-सोनेरी किडा म्हणजे आपल्या गोठ्यामागे शेणाची गोळी ढकलत नेणारा शेणकिडा. इजिप्शियन लोकांनी त्याच्यात उगवता सूर्य ढकलणारा देव खेप्री पाहिला. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस हा मृतदेहांची काळजी घेणारा देव. तुतनखामेनची कबर १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरला सापडली. तेव्हापासून हे सोनं जगाच्या डोळ्यांत भरलं, आणि ते असल्या खेळांच्या पडद्यावरही आलं. भाच्याला ह्याचंच वेड लागलं, म्हणून मी त्याला टाऊन हॉलच्या संग्रहालयात नेऊन पोसायडनची कांस्यमूर्ती दाखवली. ग्रीकांचा हा समुद्रदेव पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीत सापडला. दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापार आपल्या गावापर्यंत कसा पोचत होता, ते तिथे काचेपलीकडे उभं आहे.

आता डाव लावायचा. रेषा म्हणजे पट्ट्यांवरून आडव्या-तिरप्या आखलेल्या ओळी, त्यांवर सारखी चिन्हं जुळली की नाणी मिळतात. २० रेषांचा खेळ असेल आणि रेषेमागे १ नाणं, तर एका फेरीला २० नाणी जातात. खाली बारीक अक्षरात हा एकूण आकडा असतो, तो बघूनच दाबा. ऑटोप्ले (आपोआप फेऱ्या) आणि टर्बो (झटपट फेऱ्या) दोन्ही बंद ठेवा, नाहीतर मोजता येणार नाही.

बटण दाबलं की पट्ट्या फिरतात, एकेक करून थांबतात. भाचा ओरडला, "थोडक्यात हुकलं बघा की!" तिसरा स्कॅटर एक घर वर थांबला होता. इथे एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. तुम्ही बटण दाबता त्याच क्षणी आतला प्रोग्रॅम यादृच्छिक आकडा काढतो आणि निकाल ठरतो. पट्ट्यांचं फिरणं ही नुसती दाखवायची बाजू. एक घर वर काय आणि चार घरं वर काय, हुकलं ते हुकलंच. पुढच्या फेरीला मागची आठवण नसते, त्यामुळे "लई वेळ आलं नाही, आता येणारच" ह्याला काही आधार नाही.

हिशेब करून बघा. पाच पट्ट्या, प्रत्येकीवर ३० जागा, त्यांत सोन्याचा मुखवटा एकेकच. मधल्या ओळीत पाचही मुखवटे येण्याची शक्यता २ कोटी ४३ लाखांत एक.

मग वही उघडा. तीन रकाने पाडा: लावले, मिळाले, उरले. शंभर फेऱ्या लिहा, कंटाळा आला तरी. आम्ही ५००० नाण्यांवर सुरुवात केली होती. शंभर फेऱ्यांत २००० लावली, १३१० परत आली, ४३१० उरली. सत्तावीस वेळा संगीत वाजलं, नाणी उसळली. वहीत बघितलं तर त्यातल्या सोळा वेळा मिळालेलं लावलेल्या वीसपेक्षा कमीच होतं. ८ नाणी हाती येताना १२ गेलेली असतात, पण कानाला ते जिंकल्यासारखंच वाटतं. भाच्याने त्या सोळा ओळींखाली लाल पेनाने रेघ मारली. तुम्हीही मारा.

आता पेटेबलच्या शेवटी आरटीपीचा, म्हणजे लावलेल्यातलं सरासरीने किती टक्के परत मिळतं त्याचा आकडा शोधा, समजा ९६ टक्के आहे. शंभरातले ९६ परत मिळणार असं वाटतं, पण हा हिशेब प्रत्येक डावाला लागतो आणि माणूस मिळालेलं पुन्हा लावतो. शंभर नाणी एकदा पूर्ण फिरवली की सरासरीने ९६ उरतात, ती फिरवली की ९२च्या आसपास. सतरा वेळा असं केलं की पन्नास. एखाद्या दिवशी जास्तही मिळेल, आमच्यासारखं बरंच कमीही मिळेल. लाखो फेऱ्यांचा हा आकडा आहे. शेजारी व्होलॅटिलिटी, म्हणजे चढउतार, जास्त लिहिली असेल तर मोठी रक्कम क्वचित येते आणि मध्ये लांबच लांब कोरड पडते.

वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी माया संस्कृतीचा एखादा डेमो घेऊन ह्याच तीन रकान्यांत पन्नास फेऱ्या लिहा. आम्ही लिहिल्या. चित्रं बदलली, पण वाइल्ड, स्कॅटर, रेषा, आरटीपी सगळं जागच्या जागी.

घरात कुणाचे असल्या ॲपवर खरे पैसे गेले असतील तर त्याला फैलावर घेऊ नका. आमच्या तालमीतला एक पोरगा तीन महिने गप्प बसला, आणि उशिरा कळल्यामुळे काहीच हाती लागलं नाही. फसवणूक असेल तर व्यवहारांचे नंबर आणि स्क्रीनशॉट घेऊन लगेच १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा; जितका लवकर, तितकी रक्कम पुढे सरकायच्या आत अडवता येण्याची आशा जास्त. आणि खेळ सुटतच नसेल, झोप उडाली असेल, तर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पहिला फोन त्याच्याशेजारी बसून तुम्हीच लावून द्या.