बुडालेली होडी आणि तिच्यातलं सामान कसं वाचवायचं : वर काढण्याआधी काय, नंतर काय

होडी बुडाली की सगळ्यांना एकच घाई असते, वर काढा, लवकर वर काढा. घाई समजते मला. पण खारं पाणी पोटात गेलेलं इंजिन पाण्याखाली असेपर्यंत त्यामानाने बरं असतं, ते बाहेर आलं, मीठ, ओल आणि हवा तिन्ही एकत्र मिळाली की गंज खरा धावायला लागतो आणि मग दिवस नाही, तास मोजायचे. माझ्या ओळखीच्या एकांनी इंजिन मोठ्या मेहनतीने वर काढलं आणि "वाळू दे आधी" म्हणून तीन दिवस उन्हात ठेवलं. चौथ्या दिवशी इंजिन चालू करायची दोरी ओढली तर हलेना, पिस्टन सिलिंडरला धरून बसला होता. पाण्यातच अजून एक दिवस राहिलं असतं तरी वाचलं असतं ते. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की वर काढल्यावर लागणारी तयारी आधी करा आणि मगच दोराला हात घाला. तयारी म्हणजे इंजिन पूर्ण बुडेल एवढं पिंप गोड्या पाण्याने भरून, प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग) काढायचा पाना, नवीन ऑइल तीन वेळा बदलता येईल एवढं, फवारायचं तेल, पाण्याचे पंप (एक बंद पडतोच, म्हणून दोन), आणि कागदपत्रं किंवा फोटो असतील तर स्वच्छ पाण्याचे टब.

त्याच्याही आधी एक गोष्ट, वस्तू कोणाची आहे ते बघा. बुडाली म्हणजे बेवारस झाली असं नसतं, मालकी मालकाचीच राहते. 2007 च्या जानेवारीत एमएससी नापोली नावाचं जहाज इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ मुद्दाम उथळ पाण्यात टेकवलं होतं, त्यावरचे कंटेनर ब्रान्सकमच्या किनाऱ्याला लागले आणि लोकांनी बीएमडब्ल्यूच्या कोऱ्या मोटरसायकली ढकलत घरी नेल्या. तिथल्या कायद्यात असं सापडलेलं सामान 28 दिवसांत सरकारी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. देशोदेशी नियम वेगळे, पण आधी कळवा आणि मग उचला हा क्रम कुठेही चुकत नाही. दुसऱ्याची बोट संकटात असेल आणि तुम्ही ओढून आणणार असाल तर दोर टाकायच्या आधी मोबदल्याचं बोलून घ्या, तोंडी तरी, शक्य असेल तर मेसेज करून. 1989 च्या आंतरराष्ट्रीय साल्व्हेज (म्हणजे संकटातलं जहाज आणि माल वाचवण्याच्या) कराराचं मूळ तत्त्व असं की काही वाचलं तरच पैसे, आणि तेही वाचलेल्या मालाच्या किमतीच्या वर नाहीत. माणसं वाचवण्याचा मोबदला मात्र त्यांच्याकडून मागता येत नाही, आणि तसंच असायला हवं.

आता उचलण्याकडे. इथे लोक ताकदीचा विचार करतात, खरं काम वजनाच्या हिशोबाचं आहे. फायबरच्या नुसत्या सांगाड्याचं वजन पाण्याखाली निम्म्याहून कमी भरतं, लाकडी होडी तर बहुतेक वेळा आतल्या इंजिनामुळे आणि दगडधोंड्यांमुळेच खाली बसलेली असते. म्हणजे पाण्याखाली ती हलकी असते. पण काठ पाण्याच्या वर आले आणि तुम्ही तशीच ओढत राहिलात की आतलं पाणीही उचलावं लागतं, एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. चांगल्या मजबूत होड्या मी इथेच मोडलेल्या पाहिल्यात, बुडताना काही झालं नाही आणि काढताना मधोमध तडा. काठ पाण्याच्या चार बोटं वर आले की थांबायचं, तिथेच पंप लावायचा, आधी बाहेरून दिसणारी भोकं चिंध्या, रबर, फळी काय मिळेल त्याने बुजवून. आणि आत पाणी असताना होडी फार वेडीवाकडी झुकते, पाणी एका बाजूला धावलं की त्याच बाजूला सगळं वजन जातं आणि ती परत पालथी होते, म्हणून पंप चालू असताना कोणी आत उडी मारू नका आणि जोरात ओढू नका.

तरंगवायला पिंपं सगळ्यात सोपी. 200 लिटरचं रिकामं पिंप समुद्राच्या पाण्यात स्वतःचं वजन वजा जाता साधारण पावणेदोनशे किलो उचलतं. दोन्ही बाजूंना सारखी बांधायची, आणि पट्टे होडीच्या बुडाखालून घ्यायचे, कड्यांना किंवा बसायच्या फळ्यांना नाही, त्या उपटून येतात. बंद पिंप खोल नेलं तर पाण्याच्या दाबाने चेपतं, म्हणून खोलीवर पिंप पाण्याने भरून, तोंड खाली करून बांधायचं आणि मग नळीने हवा सोडायची. इथे एक गोष्ट जिवाची आहे: 10 मीटर खोलीवर भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा घेते. तोंड बंद असेल तर पिंप (किंवा त्याऐवजी हवेची पिशवी लावली असेल तर ती) फुटतं, उघडं असेल तर जादा हवा निघून जाते, पण होडी मात्र सुटल्यासारखी वेगाने वर उसळते. तिच्या वर किंवा खाली कोणीही असता कामा नये. पाणबुड्याचं काम शिकलेल्या माणसालाच द्या, छाती किती मोठी आहे त्यावर ते ठरत नाही.

भरती-ओहोटी असलेली जागा असेल तर मी म्हणेन पिंपंही कमी लागतील. पूर्ण ओहोटीला दोन होड्यांवर आडवा वासा टाका, बुडालेल्या होडीचे पट्टे त्याला घट्ट ताणून बांधा आणि वाट बघा. भरती येते, दोन्ही होड्या वर येतात, तिला सोबत उचलतात, मग हळूहळू उथळ बाजूला न्यायचं जोवर ती तळाला टेकत नाही. पुढच्या ओहोटीला पट्टे परत ताणायचे. असं दोन-तीन वेळा केलं की होडी अशा जागी येते जिथे ओहोटीला ती पूर्ण कोरडी पडते, मग बुडाची गुडदी, म्हणजे पाणी सोडायच्या भोकाचं बूच, काढली की पाणी आपोआप वाहून जातं, भोक बुजवा, गुडदी लावा, पुढच्या भरतीला ती स्वतः तरंगते. पैसा नाही, घाम थोडा, धीर भरपूर. मोठ्या कामातही तत्त्व हेच आहे. स्वीडनचं वासा नावाचं जहाज 1628 मध्ये पहिल्याच सफरीत बुडालं होतं, ते तळाखाली बोगदे खोदून, त्यातून तारा घालून 1959 मध्ये पाण्याखालीच 18 टप्प्यांत 32 मीटर खोलीवरून 16 मीटरवर आणलं आणि दोन वर्षं डागडुजी करून 24 एप्रिल 1961 ला वर काढलं. टप्प्याटप्प्याने, हे लक्षात ठेवा. 2021 च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात आडवं अडकलेलं एव्हर गिव्हन हे 400 मीटरचं जहाजसुद्धा वाळू उपसून, टगबोटी लावून, शेवटी उधाणाच्या भरतीच्या साथीनेच सुटलं.

गाळात रुतली असेल तर सरळ वर ओढू नका, गाळ खालून चोखल्यासारखा धरून ठेवतो. एका टोकाकडून उचला, कडेने पाण्याची धार सोडा आणि थांबून थांबून ओढा, एकदा पाणी खाली शिरलं की ती अचानक सुटते, म्हणून दोराच्या रेषेत कोणी उभं राहू नका.

वर आली. आता इंजिन. बॅटरी आधीच सोडवलेली हवी. इंजिन चालू असताना बुडालं होतं की बंद असताना, हे विचारून घ्या, कारण चालू असेल तर सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दबत नाही आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. झाकण काढा, गोड्या पाण्याने सगळीकडून धुवा, कोपरे सोडू नका. पुढचं काम दोन-तीन तासांत करणं जमणार नसेल तर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा, हो, बुडवून, हवा लागू द्यायची नाही. जमणार असेल तर प्लग काढा, प्लगच्या वायरी बाजूला करून अर्थ करा, इंजिनाच्या धातूला टेकवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही, पेट्रोलची वाफ आसपास असते. प्लगची भोकं खाली करून इंजिन आडवं धरा आणि दोरी अगदी हळू ओढा. पहिल्या ओढीला भोकातून गढूळ, रेतीमिश्रित पिचकारी येते, दुसऱ्या-तिसऱ्याला जरा स्वच्छ, मग नुसती ओली फुरफुर. हाताला खरखर लागली किंवा एका जागी अडतंय असं वाटलं तर तिथेच थांबा आणि मेकॅनिककडे न्या, जोर लावलात तर रेती सिलिंडरच्या भिंतीवर चरे पाडते. पाणी यायचं थांबलं की भोकांतून तेल फवारा आणि परत दोन-चारदा ओढा म्हणजे आत सगळीकडे तेलाचा थर बसेल. कार्बोरेटरची वाटी उघडून रिकामी करा, टाकीतलं पेट्रोल वापरू नका. फोर स्ट्रोक असेल तर जुनं ऑइल काढा, ते दुधाळ दिसेल, म्हणजे पाणी मिसळलंय, नवीन घाला, इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची सोय करून थोडा वेळ चालवा, परत काढा, परत घाला, रंग स्वच्छ होईपर्यंत. तीन वेळा लागतं बहुतेक. आणि मग निदान अर्धा तास चालवा, उष्णतेने आतली ओल जाते.

बॅटऱ्या. लिथियमची बॅटरी खाऱ्या पाण्यात बुडाली असेल तर ती दिसायला ठीक असली तरी घरात आणू नका, चार्ज करू नका, ती काही दिवसांनीसुद्धा पेटू शकते. उघड्यावर, जळण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवून विल्हेवाटीला द्या. बाकीची इलेक्ट्रॉनिक वस्तू वीज तोडून आधी गोड्या पाण्याने आणि मग जमल्यास डिस्टिल्ड पाण्याने धुवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि वाऱ्यावर पूर्ण वाळल्याशिवाय बटण दाबू नका. चालतंय का बघू म्हणून दाबलेलं ते एक बटण जितकी उपकरणं मारतं तितकी पाणीही मारत नसेल.

खाण्यापिण्याचा माल आणि औषधं, पाण्यात डिझेल-गटार मिसळलेलं असतं, ती वाचवायचा मोह नको. लाकडी वस्तू गोड्या पाण्याने धुवून सावलीत, हळू, उन्हात अजिबात नाही, भराभर वाळलं की तडकतं. कपडे-शिडं गोड्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून काढा, मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं आणि कापड कायम दमट.

कागद आणि फोटो शेवटी लिहितोय पण वेळ सगळ्यात कमी त्यांच्याकडेच असतो. ओल्या कागदावर साधारण 48 तासांत बुरशी धरायला लागते. वही उघडायला जाऊ नका, पानं फाटतात. मिटलेलीच स्वच्छ पाण्यात हलकेच खळबळा, पाणी निथळू द्या, पाणी शोषणारा कागद मध्येमध्ये जिथे सहज जाईल तिथेच घाला आणि पंख्याच्या वाऱ्यावर उभी ठेवा. खूप असतील आणि हात कमी असतील तर सुट्या पिशव्यांत घालून डीप फ्रीझरमध्ये टाका, गोठलं की बुरशी थांबते आणि मग एकेक करून सावकाश वाळवता येतं, मोठ्या ग्रंथालयांत पुरानंतर हेच करतात. फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका, स्वच्छ थंड पाण्याच्या टबात ठेवा, ते हळूहळू स्वतःच सुटे होतात, मग चित्राची बाजू वर करून एकेक वेगळा वाळवा. आणि एकाच कोपऱ्याला धरा, चित्रावर बोट लागलं तर ओला थर बोटाबरोबर निघून येतो.